आत्याच्या बंदुकीची खोळ

आमच्या घराण्याची देवी बंदुकीत राहते. लहानपणी मला यात काहीच वावगं वाटत नसे. कुणाची देवी डोंगरावर राहते, कुणाची झाडाखाली, आमची बंदुकीत. पुढे जव्हारच्या शाळेत इतिहासाची बाई म्हणून लागले, तेव्हा स्टाफरूममध्ये बोलता बोलता हे सांगून बसले आणि सगळ्यांचे चहाचे कप हातातच राहिले. तेव्हापासून मी ही गोष्ट जपून सांगते. आज मात्र सगळीच सांगणार आहे, कारण आता तिच्यात पोलीसही येऊन गेले आहेत.

बंदूक माझ्या आत्याकडे आहे. मोखाड्याच्या पुढे डांबरी रस्ता संपला की आणखी बरंच चालल्यावर आमचा पाडा लागतो. माझे वडील मास्तर होऊन जव्हारला आले, घर बांधलं, आम्ही तिथलेच झालो. आत्याला लग्नानंतर थोड्याच वर्षांत वैधव्य आलं. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परतली आणि आजोबांच्या घरात राहिली ती आजतागायत. नाचणी, वरई, थोडा भात, दोन शेळ्या आणि देवघराच्या भिंतीला खुंट्यांवर आडवी ठेवलेली ती बंदूक, एवढा तिचा संसार. ऐंशी कधीच उलटली, पण आवाज असा खणखणीत की पलीकडच्या टेकाडावर गेलेली शेळी हाकेसरशी माघारी फिरते.

आजोबा संस्थानच्या काळात जव्हारच्या राजवाड्याच्या फाटकावर पहारेकरी होते. संस्थान विलीन झालं, पहारा सुटला आणि निरोप देताना राजानं त्यांची बंदूक त्यांनाच देऊन टाकली, असं ते सांगायचे. ती विलायतेत बनलेली आहे, तिच्यातून एका दमात दहा गोळ्या सुटतात आणि त्यातली शेवटची अजून आत आहे, हेही तेच सांगायचे. बंदूक घरी आली तेव्हा माझ्या पणजीनं ती तेलाच्या फडक्यानं पुसायला घेतली. दस्त्याचं लाकूड जिथे मनगटासारखं बारीक होतं आणि त्याला लोखंडाचं कडं येतं, तिथे तिला एक मुकुट दिसला. मुकुटाखाली दोन डोळे. पणजीनं बंदूक पाटावर ठेवली, कुंकू लावलं आणि आई आपल्या घरी आली असं जाहीर करून टाकलं. घरात वाचता कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे शंका कुणी काढली नाही. कुंकवाच्या जागी पुढे शेंदूर आणि तेल आलं. दर दसऱ्याला एक थर. मला कळायला लागलं तेव्हा त्या जागी ना मुकुट होता ना डोळे, शेंदराचा एक भलामोठा गोळा होता.

दसऱ्याला पाड्यावरची सगळी हत्यारं आत्याच्या अंगणात येतात. कोयते, कुऱ्हाडी, विळे, नांगराचे फाळ, गवंड्याची थापी. अलीकडे मोबाइल येतात, जेसीबीची चावी येते. मधोमध पाटावर बंदूक आणि दोन्ही अंगांना हत्यारांची मांडणी. बंदुकीच्या नळीसमोरची बाजू मात्र मोकळी सोडायची. आई झाली तरी भरलेली आहे ना! दसरा झाला की कापणी, मग दिवाळी, आणि दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, भिवंडीच्या गोदामांत पांगतो. जाताना हीच पुजलेली हत्यारं बरोबर नेतात. एरवी आत्याच्या दारात शेळ्यांखेरीज कुणी फिरकत नाही. त्या एका दिवशी मात्र सगळा पाडा तिच्याकडे जेवतो. तांदूळ निवडायला ती गणपती बसले की सुरुवात करते.

गेल्या दसऱ्याला भिवंडीत काम करणाऱ्या एका तरण्यानं या पूजेचं रील काढलं. ढोलाचा दणदणाट, शेंदरानं माखलेली बंदूक आणि वर मोठ्या अक्षरात, ‘आमच्या गावची भरलेली बंदूक’. ते रील या मोबाइलवरून त्या मोबाइलवर हिंडत यंदाच्या भाद्रपदात पोलीस ठाण्यात जाऊन पोचलं. ठाण्यात नवीन आलेल्या फौजदार मॅडमनी मला बोलावून घेतलं. पाड्यावर फोन लागत नाही आणि जव्हारमध्ये आत्याचं माणूस म्हणजे मीच.

“बाई, भरलेली बंदूक, परवाना नाही आणि भोवती लेकुरवाळ्या बायका बसलेल्या. हे मी काय समजायचं?”

“देवी समजा,” मी म्हटलं. मला राग आला की माझी जीभ माझ्या आधी धावते.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि समजावून सांगितलं. बंदूक जुन्या, आता वापरात नसलेल्या जातीची असेल आणि निकामी झालेली असेल, तर ती घरात राहू शकेल. उडण्यासारखी असेल तर जमा करून घ्यावी लागेल, त्याला इलाज नाही. तेव्हा ती कुठल्या जातीची, केव्हाची, कुठे बनलेली आणि उडते की नाही, एवढं नवरात्राच्या आत कळलं पाहिजे. बंदूक ठाण्यात घेऊन या, आणायला शिपाई पाठवते.

मी पाड्यावर गेले तेव्हा आत्या सूप घेऊन तांदूळच निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं खडे बाजूला काढणं थांबवलं नाही.

“बंदूक गेली तर हत्यारं कुठं मांडतील?” तिनं विचारलं आणि मी काही बोलायच्या आत उत्तरही दिलं. “सरपंचाकडं. पेवर ब्लॉकवर.”

सरपंचानं नवं घर बांधलं होतं, पुढच्या अंगणाला पेवर ब्लॉक बसवले होते, वर पत्र्याची शेड. पूजा आमच्याकडे करा, चिखल नाही, ऊन नाही, असं तो दोन वर्षांपासून म्हणत होता. ‘पेवर ब्लॉक’ हे शब्द आत्यानं असे उच्चारले की त्यात एखादा खडा निघाला असावा.

“मग माझ्याकडं कोण येल गं?” ती म्हणाली.

मी तिच्या हातातलं सूप घेतलं आणि उरलेले तांदूळ निवडून दिले. काहीही झालं तरी ही बंदूक मी तिच्या घरातून जाऊ देणार नाही, असं मनाशी ठरवलं आणि जव्हारला येऊन थेट फौजीच्या दुकानात शिरले.

फौजी म्हणजे माझा शाळेतला वर्गमित्र. सैन्यात हत्यारं दुरुस्त करण्यात त्याची सगळी नोकरी गेली. आता हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि खिळे विकतानासुद्धा तोफा विकत असल्याच्या थाटात विकतो. आयुष्यात कधी त्याच्या तोंडून ‘माहीत नाही’ असं ऐकलेलं मला आठवत नाही. मी मोबाइलमधला बंदुकीचा फोटो पुढे केला. त्यानं एक नजर टाकली.

“अठराशे सत्तावन. झाशीला गेलेली असणार ही.”

“झाशीला?”

त्यानं चष्मा लावला, फोटो मोठा केला. “थांब थांब. याला मागं ओढायचा दांडा आहे. सत्तावनला असले दांडे नव्हते.”

“मग झाशीचं काय?”

“झाशी राहू दे.” तो आता खरंच लक्ष देऊन बघायला लागला. नळीला टोकापर्यंत लाकूड आहे, टोकाला डुकराच्या नाकाडासारखं चपटं लोखंड आहे. त्यानं टेबलावर थाप मारली. “थ्री-नॉट-थ्री! पहिल्या महायुद्धातली. नाकावरून ओळखतो मी. साल आणि कारखाना पाहिजे असेल तर मनगटावर शिक्का असतो, हा इथे.” त्यानं बोट ठेवलं ते नेमकं शेंदराच्या गोळ्यावर. “घासून काढ. रॉकेलचं फडकं घे.”

हे आत्याला सांगायला नको होतं. पण मी सांगितलं.

“रॉकेल?” ती उभीच राहिली. “आईच्या अंगाला रॉकेल?”

मग आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं की पोलीस शेंदूर बघून सोडत नसतात. ती म्हणाली की शिकलीस म्हणून देवाला सोलून काढणार आहेस का? शेंदराचे थर चढून चढून देवाच्या अंगावर जी खोळ तयार होते, ती देव आपल्या मनानं टाकतो. टाकली की भाग्य, आणि माणसानं खरवडली तर पाप. आत्याच्या उभ्या हयातीत आईनं खोळ टाकली नव्हती. मी म्हटलं, मग आईला जरा घाई करायला सांग, नवरात्र जवळ आलंय. यावर आत्यानं माझ्याशी बोलणं बंद केलं. जेवताना मात्र माझ्या भाकरीवर न मागता दुसरी भाकरी वाढली आणि तोंड वळवून बसली.

ठरल्या दिवशी शिपाई मोटारसायकलवर आला. बंदूक पाठीला लावून न्यावी, असा त्याचा सरळ हिशोब होता.

“आईला फटफटीवर?” आत्यानं विचारलं. शिपायानं मोटारसायकल पाड्यावर लावली आणि आमच्याबरोबर चालत रस्त्याला आला.

जीप नेहमीसारखी गच्च होती. आत्यानं बंदूक धुतलेल्या लुगड्यात, वर गोधडीत गुंडाळली होती आणि मांडीवर आडवी घेतली होती. शिपाई आधी नळीच्या बाजूला बसला. मग काहीतरी आठवल्यासारखं करून पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं गोधडीकडे बघत विचारलं, “काय हाय?”

“देव,” आत्या म्हणाली.

“कुठं चालला?”

“पोलीस ठाण्यात.”

म्हाताऱ्यानं गोधडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळली. मग हळूच म्हणाला, “काय केलं देवानं?”

मोखाडा ते जव्हार रस्ता पावसाळ्यानंतर कसा असतो हे त्या रस्त्यावर नांदलेल्यालाच कळेल. ड्रायव्हर खड्डे चुकवत नव्हता, त्यातल्या त्यात बरे खड्डे निवडत होता. एका वळणावर त्याची निवड चुकली. जीप अशी आदळली की आमची डोकी टपाला लागली, कुणाच्या तरी कोंबड्यांची पाटी उलटली आणि आत्या ओरडली, “आई गं!” तिनं घाईघाईनं गोधडी सोडली, लुगडं सोडलं. शेंदराचा गोळा मधोमध दुभंगून दोन वाट्यांसारखा लुगड्यात पडला होता. आतून काळंभोर लोखंड दिसत होतं.

मग म्हाताऱ्याशेजारच्या बाईनं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, “खोळ टाकली! आईनं खोळ टाकली!”

जीप थांबली. उतारूंनी एकेक करून दर्शन घेतलं. ज्याच्या खड्ड्यानं हे घडलं त्या ड्रायव्हरचा भाव एकदम वधारला. बायका त्याच्याही पाया पडू लागल्या आणि तो लाजून वळणावरच्या टपरीतून नारळ आणायला पळाला. शिपायानं टोपी काढली. मी वाकून शिक्का बघायला गेले तर आत्यानं त्यावर पदर टाकला. “आधी हळद-कुंकू. मग तुझा इतिहास.” ती रडत होती आणि हसतही होती, आणि रॉकेलचं फडकं सुचवणारी मी, माझेही डोळे भरून आले. आनंद झाला होता, दुसरं काही नाही. कारण काहीही असो, आत्याच्या जन्मात जे झालं नव्हतं ते झालं होतं आणि मी तिच्या शेजारी होते.

ठाण्याच्या पडवीत टेबल मांडलं होतं. फौजी इस्त्रीचा शर्ट घालून, भिंग आणि मशीन तेलाची बाटली घेऊन माझ्या आधीच हजर होता. आत्यानं टेबलावर पाट ठेवायला लावला, पाटावर बंदूक ठेवली आणि मगच कुणाला हात लावू दिला. फौजीनं ओलं फडकं फिरवलं. लोखंडात कोरलेल्या खुणा वर आल्या.

“मुकुट,” तो म्हणाला. आत्यानं मान डोलावली, हे तिला माहीतच होतं. “खाली दोन अक्षरं, जी आणि आर. म्हणजे जॉर्ज राजा. त्याखाली एनफील्ड, इंग्लंडमधलं गाव, तिथं सरकारचा बंदुकांचा कारखाना होता. त्याखाली साल.” साल वाचून त्यानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं. पहिलं महायुद्ध ऐन भरात होतं तेव्हाचं ते होतं. “काय सांगितलं होतं मी?”

“झाशी,” मी म्हटलं.

आत्याचं लक्ष वेगळीकडेच होतं. “मुकुट कोणाचा म्हनलास?”

“इंग्लंडच्या राजाचा, आत्या.”

“आणि ते डोळे?”

“तीच ही दोन अक्षरं, त्याच्या नावाची.”

दारातला शिपाई भिंतीकडे तोंड करून हसू दाबायला लागला. तीन पिढ्यांच्या बायकांनी इंग्रजाच्या राजाला हळद-कुंकू वाहिलं होतं, आणि हे मी तिला पोलीस ठाण्यात आणून ऐकवत होते. आत्यानं त्या मुकुटावरून बोट फिरवलं.

“त्या राजाला माहीत होतं का, आम्ही त्याला कुंकू लावतो ते?”

“नाही.”

“मग त्याला कशाला पोचंल? जिला वाहिलं तिला पोचलं.” तिनं विषय मिटवून टाकला. मॅडम खळखळून हसल्या आणि त्यानंतर ठाण्यात कुणी कुणाला घाबरलं नाही.

फौजीनं बंदूक उलटी केली. दुसऱ्या अंगाला आणखी एक शिक्का होता, बारीक, नंतर मारलेला. तो वाचताना त्याचा आवाज उतरला. ही इंग्लंडात बनली खरी, पण पुढे बंगालमधल्या इशापूरच्या बंदूक कारखान्यात आणून बदललेली होती. त्यानं नळीत टॉर्च मारला. खऱ्या रायफलीच्या नळीत आतून वळणावळणाच्या खाचा असतात, त्यांनी गोळी गिरकी घेत लांब आणि नेमकी जाते. इथं नळी आतून गुळगुळीत होती, पाण्याच्या पाइपासारखी. दहा गोळ्यांची पेटी होती, पण तिच्यात लाकडाचा ठोकळा ठोकून बसवलेला. एक गोळी घालायची, उडवायची, मग दुसरी घालायची.

“म्हंजे दहा नाय?” आत्यानं विचारलं.

“एका वेळी एक, आत्या.”

“असं का केलं?”

हे मात्र माझ्या विषयातलं होतं. मी सांगितलं की सत्तावननंतर इंग्रजांचा आपल्या माणसांवर भरवसा राहिला नव्हता. पोलिसांना, पहारेकऱ्यांना बंदूक तर द्यायची, पण उद्या ती आपल्यावरच उलटली तर लांबवर लागता कामा नये, भराभर उडता कामा नये. म्हणून मुद्दाम अशा बिघडवलेल्या बंदुका दिल्या.

आत्याचा चेहरा उजळला. “घाबरत होते म्हण ना माझ्या बापाला!”

“हो, घाबरत होते.”

“विलायतेत जन्मली, बंगालात नेऊन बदलली आणि नांदली आमच्याकडं,” असं म्हणत तिनं बंदुकीवरून हात फिरवला. “बाईचीच जात.”

राहिली होती ती शेवटची गोळी. दांडा गंजून घट्ट बसला होता. फौजीनं तेल सोडलं, आम्ही चहा घेतला, मग मॅडमनी नळीसमोरून सगळ्यांना हटवलं. फौजीनं पाय रोवून दांडा ओढला. करकर करत तो मागे आला. आत गोळी नव्हती. आत उजेड होता. नळीच्या बुडाशी बाजूनं आरपार भोक पाडलेलं होतं, नेमकं जिथे आजवर शेंदूर बुजून बसला होता तिथे; तेल सोडल्यावर ते मोकळं झालं होतं. गोळीवर आपटणारी पिनही मोडून काढलेली होती.

“ही संस्थानातून निघतानाच निकामी केलीय,” फौजी म्हणाला. “भोक पाडलं की उडत नाही. आजोबांना ठाऊक असणारच.”

आत्या खुर्चीवर टेकली. मग तिनं जे सांगितलं ते मीही पूर्वी ऐकलं होतं, पण असं नव्हतं ऐकलं. ती लहान असताना जंगलाच्या ठेकेदाराची माणसं पाड्यावर यायची आणि घराघरातून माणसं ओढून तोडीला न्यायची. एकदा आजोबा ही बंदूक घेऊन अंगणात उभे राहिले. आत दहा गोळ्या आहेत, ज्याला पुढे यायचं त्यानं यावं, असं म्हणाले. आत्या घराच्या मेढीला, लाकडी खांबाला, मिठी मारून बघत होती. ती माणसं गेली आणि पुन्हा आमच्या पाड्यावर कधी आली नाहीत.

“तवाही ही अशीच होती?” तिनं भोकाकडे बोट दाखवलं.

“अशीच.”

“म्हंजे बाप नुसताच उभा राहिला.”

आणि मग आत्या हसायला लागली. “बघा तरी! आम्हाला नाय सांगितलं! मरेस्तोवर नाय सांगितलं!” ती इतकी हसली की शिपायानं पाणी आणून दिलं. आजोबा मला अंधूकच आठवतात, पण त्या दिवशी मला त्यांचा जितका अभिमान वाटला तितका कुणाचाच वाटला नाही.

बंदूक घरीच राहील, असं मॅडमनी सांगितलं. कागदाचं काम त्या बघणार होत्या. अट एकच. बंदूक भरलेली नाही हे सगळ्यांना कळलं पाहिजे. ज्यानं रील काढलं त्याच्याकडून नवीन रील काढून घ्या. मी आनंदात लगेच हो म्हटलं. आत्याचा चेहरा पडलेला माझ्या उशिरा लक्षात आला.

परतताना पुलाजवळ जीप थांबवून आम्ही खोळ नदीत सोडली. आत्या पाण्याकडे बघत म्हणाली, “भरलेली हाय म्हणून तर मान होता तिला. आता समद्यांना कळंल ही मोडकी हाय. त्यात राजाचा छाप. आता कशाला येतील?”

“येतील गं.”

“सरपंचाकडं शेड हाय,” ती म्हणाली.

नवीन रील निघालं आणि बंदूक भरलेली नाही हे पाडाभर झालं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पाड्यावर मुक्कामाला गेले. सकाळी अंगण सारवलं, पाट मांडला, बंदूक ठेवली. शेंदराशिवाय ती ओकीबोकी दिसत होती. आत्यानं भाताचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं. एरवी कोंबडा आरवला की माणसं यायला लागायची. ऊन अंगणात आलं, मग ओट्यावर चढलं, तरी कुणाचा पत्ता नव्हता. खालच्या अंगाला सरपंचाच्या घराकडून तेवढा ढोल ऐकू येत होता. आत्यानं तो ऐकला आणि न ऐकल्यासारखं करून चुलीतली लाकडं मागेपुढे केली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “मी जाऊन आणते एकेकाला.”

“गप बस. देवाच्या पूजेला कोणी हाताला धरून आणतं का?”

पण मी निघालेच. सरपंचाच्या अंगणात सगळा पाडा जमला होता. पेवर ब्लॉकवर हत्यारं, पोरं, ढोलवाले, सगळे. मी तिथंच सरपंचाला धरलं. ज्या म्हातारीनं तुम्हाला आयुष्यभर जेवायला घातलं तिला आज एकटी ठेवता, लाजा कशा वाटत नाहीत, शेड बांधली म्हणून देव विकत मिळतो का, असं जे तोंडात आलं ते बोलले. ढोल थांबला. सरपंचानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या हातात पितळेची मोठी वाटी होती.

“झालं, बाई?” तो म्हणाला. “मग ही वाटी जरा धरता का? कधीपासून धरून हात अवघडलाय.”

वाटीत शेंदूर होता. देवानं खोळ टाकली की नवी खोळ एका घराची नसते, गावाची असते. घरटी चिमूटभर शेंदूर आणि पळीभर तेल गोळा करायचं आणि सगळ्यांनी मिळून वाजत गाजत न्यायचं. आत्यानं खोळ पडलेली कधी पाहिलीच नव्हती, त्यामुळे हे तिला माहीत नव्हतं. पाड्यातल्या सगळ्यांत थोरल्या म्हातारीनं ते आपल्या सासूकडून ऐकलं होतं. खालच्या टोकाच्या घरापासून गोळा करत आणायचं म्हणून सगळे तिथं जमले होते आणि वरच्या वस्तीतल्या दोन घरांचं तेल यायचं राहिलं होतं. मी मुकाट्यानं वाटी धरली. काय करणार होते? सगळ्यांत पुढे मला उभं केलं, मागे ढोल, आणि माझं तोंड त्या शेंदरापेक्षा लाल झालं होतं. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. सरपंच तर उघड हसत होता.

आत्या ढोल ऐकून ओट्याच्या कडेला आली होती. आमची वरात तिनं बघितली, सरपंचाच्या खांद्यावरचा नांगराचा फाळ बघितला, माझ्या हातातली वाटी बघितली, आणि तिनं मेढीला धरलं. थोरल्या म्हातारीनं तिला काय आणलंय ते सांगितलं. आत्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

मग अंगण भरलं. हत्यारं मांडून झाली तरी माणसं येतच राहिली, आणि नळीसमोर लहान मुली फतकल मारून बसल्या. जव्हारहून फौजी आला, साडी नेसून मॅडम आल्या. ज्याला त्याला फौजी बंदुकीची जन्मकथा सांगत होता आणि झाशीचं नावही काढत नव्हता. एकेकानं येऊन बोटानं शेंदूर लावायला सुरुवात केली. मुकुट झाकला, अक्षरं झाकली. साल झाकायला बोट पुढे आलं तसं माझ्या तोंडून निघून गेलं, “अहो, थांबा, एवढा शिक्का राहू द्या.”

“तुझं वाचून झालं ना?” आत्या म्हणाली. “मग आता लाव.”

तिनं माझं बोट धरून वाटीत बुडवलं आणि मी सालावरून, कारखान्याच्या नावावरून शेंदूर ओढला. तेवढ्यात तिनं माझा पदर ओढला. डोळे अजून ओलेच होते, पण नजर माझ्यावर नव्हती. ती अंगणातली माणसं बघत होती, ओट्यावर टेकलेली, कुंपणाला रेललेली, फाटकातून अजून आत येणारी.

“एवढी माणसं,” ती कानात म्हणाली. “भात पुरंल का गं?”

मी आत जाऊन पातेल्यात पाहिलं. पुरणार नव्हता. मी पदर खोचला आणि दुसरं पातेलं चढवलं.